कण्याच्या दुखापतीनंतरचा संसार

मज्जारज्जूला दुखापत झालेल्या माणसाच्या खाटेभोवती जे बोललं जातं, त्याचा क्रम ठरलेला असतो. जीव वाचला. श्वास आपला आपण घेतोय. मग हात, मग पाय, मग लघवीची नळी, मग शौचाचं वेळापत्रक, मग बेडसोर होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणं. सगळं गरजेचंच आहे. पण ज्याच्याबद्दल हे बोलणं चाललेलं असतं, तो माणूस रात्री छताकडे बघत वेगळ्याच गोष्टीचा विचार करत असतो. जोडीदाराच्या जवळ जाणं पुन्हा जमेल का? त्यात मला काही कळेल का? मूल होईल का? आणि हे विचारायचं कोणाला?

माझी दुखापत डी-५ ची, कम्प्लीट, म्हणजे कागदावर तरी त्याखाली स्पर्श आणि हालचाल काहीच न उरलेली. डी म्हणजे डॉर्सल, छातीच्या मागचे मणके. काही डॉक्टर त्यालाच टी म्हणतात. स्तनांच्या रेषेच्या जरा खालपासून मला स्पर्श कळत नाही. अपघात झाला तेव्हा लग्न झालेलं होतं, मूल नव्हतं. आज आमची मुलगी शाळेत जाते. आता मी नव्याने दुखापत झालेल्यांशी आणि त्यांच्या नवऱ्याबायकांशी बोलायला जाते, आणि प्रत्येक वेळी हाच विषय सगळ्यात उशिरा, दाराशी निघताना, आवाज खाली आणून निघतो.

२००४ साली किम अँडरसन यांनी दुखापत झालेल्या ६८१ जणांना एक साधा प्रश्न विचारला: शरीराचं कोणतं काम परत आलं तर तुमचं आयुष्य सगळ्यात जास्त सुधारेल? अँडरसन स्वतः मानेच्या दुखापतीमुळे व्हीलचेअरवर असलेल्या संशोधक. ज्यांचे हातही गेले होते, त्यांनी सगळ्यात वर हातांचं नाव लिहिलं. ज्यांचे फक्त पाय गेले होते, त्यांच्यात सगळ्यात जास्त लोकांनी पहिला क्रमांक चालण्याला दिला नाही. लैंगिक क्षमतेला दिला. मला यात काहीच नवल वाटलं नाही. पण ज्या ज्या फिजिओथेरपिस्टना मी हे सांगितलं, ते थबकले.

नातेवाईकांच्या, कधी कधी डॉक्टरांच्याही मनात एकच निकाल तयार असतो: आता ते सगळं संपलं. मला जे सांगायचं आहे ते याच निकालाबद्दल. तो क्रूर आहे हे तर झालंच, पण तो चुकीचा आहे, वैद्यकीयदृष्ट्याच चुकीचा. कारण ‘ते सगळं’ अशी एक वस्तू शरीरात नसतेच. इच्छा वेगळी, शरीराची तयारी वेगळी, स्पर्शाची जाणीव वेगळी, सुखाचा कळस वेगळा, वीर्य बाहेर येणं वेगळं, त्या वीर्यातले शुक्राणू चांगले असणं वेगळं, गर्भ राहणं वेगळं. यातल्या प्रत्येकाचा मज्जारज्जूतला रस्ता निराळा आहे. एक बंद पडला म्हणून दुसरा बंद पडतोच असं नाही. आणि जो बंद पडला, त्याला बहुतेक वेळा वळसा घालता येतो.

पुरुषाच्या ताठरतेचंच बघा. तिचे दोन मार्ग आहेत. एक मनातून येतो: आठवण, नजर, कल्पना. तो संदेश मेंदूतून उतरतो आणि साधारण डी-११ ते एल-२ (एल म्हणजे लंबर, कमरेचा) या भागातून बाहेर पडतो. दुसरा प्रत्यक्ष स्पर्शाचा. तो एस-२ ते एस-४ (एस म्हणजे सॅक्रल) या अगदी खालच्या भागात येऊन तिथूनच परत फिरतो, मेंदूपर्यंत जातच नाही. म्हणजे वर हमरस्ता बंद झाला तरी खालच्या गल्लीतली रहदारी चालूच राहते. म्हणून मानेची दुखापत असलेल्या पुरुषाला स्पर्शाने ताठरता येते, स्वतःला काही न जाणवताही येते, कॅथेटर बदलतानाही येते, आणि तो शरमेने मेल्याहून मेल्यासारखा होतो. त्याला कोणीतरी सांगायला हवं की यात लाजण्यासारखं काही नाही, उलट ही चांगली खूण आहे, खालचं वर्तुळ शाबूत आहे. याउलट कण्याच्या अगदी शेवटाला मार बसला असेल तर स्पर्शाचं वर्तुळच तुटतं, पण मनातून येणारा मार्ग काही प्रमाणात उरू शकतो. अर्न्स्ट बोर्स आणि एस्टिन कोमार या दोन डॉक्टरांनी १९६० मध्ये ५२९ रुग्णांच्या नोंदींवरून हे फरक मांडले होते. इतकी जुनी माहिती आहे ही.

आणखी एक गोष्ट नव्या रुग्णाला पहिल्याच आठवड्यात सांगायला हवी. दुखापतीनंतर काही आठवडे, कधी काही महिने, मज्जारज्जू ‘स्पायनल शॉक’मध्ये असतो. दुखापतीखालच्या सगळ्या प्रतिक्षिप्त क्रिया तेव्हा थंडावलेल्या असतात. त्या काळात शरीर काही प्रतिसाद देत नाही म्हणून कायमचा निकाल लावणं म्हणजे निव्वळ घाई आहे. किती तरी तरुणांनी त्या आठवड्यांतच मनाशी सगळं ठरवून टाकलेलं असतं आणि नंतर कधी तपासूनही बघितलेलं नसतं.

ताठरता टिकत नसेल तर उपाय आहेत आणि ते आता जुने झालेत. सिल्डेनाफिल १९९८ साली बाजारात आलं. मज्जारज्जूच्या दुखापतीत, विशेषतः खालचं वर्तुळ शाबूत असताना, ते बऱ्याच जणांना चांगलं लागू पडतं. गोळी नाही चालली तर लिंगात द्यायचं इंजेक्शन असतं, हवेचा पंप आणि रिंग असते. रिंग अर्ध्या तासाहून जास्त ठेवायची नाही. ज्याला तिथलं दुखणं कळत नाही त्याने तर घड्याळ लावूनच. इंजेक्शननंतर ताठरता चार तासांपलीकडे राहिली तर तातडीने दवाखाना गाठायचा. हे सगळं युरॉलॉजिस्ट नीट समजावतात, विचारलं तर.

वीर्याची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण मुलाची आस असलेली जोडपी इथेच अडतात आणि इथेच त्यांना सगळ्यात अर्धवट माहिती मिळते.

वीर्यस्खलन हे ताठरतेपेक्षा कितीतरी गुंतागुंतीचं काम. त्यात डी-१० ते एल-२ आणि एस-२ ते एस-४ अशा दोन्ही भागांनी एका तालात चालावं लागतं. मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर बहुसंख्य पुरुषांना संबंधांच्या वेळी आपोआप वीर्यस्खलन होत नाही. पण वीर्य तयार होणं थांबत नाही. अडचण ते बाहेर काढण्याची असते, आणि ती सोडवायला माणसं पाऊणशे वर्षं झटली आहेत. लुडविग गुटमन नाझी जर्मनीतून निसटून इंग्लंडला आले आणि १९४४ मध्ये तिथल्या स्टोक मँडव्हिल इस्पितळात त्यांनी मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी विभाग सुरू केला. पुढे ज्यातून पॅरालिम्पिक उभं राहिलं ते क्रीडासामने त्यांचेच. याच गुटमननी पाठीच्या कण्यातल्या द्रवात निओस्टिग्मिन टोचून वीर्यस्खलन घडवून पाहिलं. ते होत असे, पण उलट्या, डोकेदुखी आणि रक्तदाबाची जीवघेणी उसळी घेऊनच, त्यामुळे ती पद्धत मागे पडली. मला यातलं एक फार मोलाचं वाटतं: ज्या काळात असे रुग्ण जगले तरी पुरे असं जग मानत होतं, त्या काळात हा डॉक्टर त्यांना मुलं व्हावीत म्हणून धडपडत होता.

१९८१ मध्ये जाइल्स ब्रिंडली यांनी पॅराप्लेजिक, म्हणजे पाय गेलेल्या, पुरुषांवरचं व्हायब्रेटरचं काम प्रसिद्ध केलं. लिंगाच्या टोकाला ठरावीक कंप दिला की खालचं प्रतिक्षिप्त वर्तुळ जागं होतं आणि वीर्य बाहेर येतं. पुढे १९९४ मध्ये डेन्मार्कच्या सोन्कसेन आणि सहकाऱ्यांनी तो कंप मोजून ठरवला: सेकंदाला १०० वेळा आणि अडीच मिलिमीटरचा. साध्या मसाजच्या यंत्रात एवढा जोर नसतो, म्हणून घरी काहीतरी आणून बघितलं आणि झालं नाही म्हणजे संपलं, असं समजू नये. मायामीच्या एका केंद्राने १८ वर्षांत ५०० पुरुषांवर केलेलं काम २०१० मध्ये छापलं. दुखापत डी-१० किंवा त्याच्या वर असेल तर सुमारे ८६ टक्के पुरुषांमध्ये व्हायब्रेटरने वीर्य मिळालं. दुखापत त्याहून खाली असेल तर हे प्रमाण फार कमी होतं, कारण तिथे वर्तुळच तुटलेलं असतं. मग गुदद्वारातून विद्युत उत्तेजना देऊन वीर्य काढतात, इलेक्ट्रोइजॅक्युलेशन म्हणतात त्याला. ही युक्ती आधी मेंढ्यांसारख्या जनावरांसाठी निघाली. ती जवळजवळ सगळ्यांना लागू पडते, पण दवाखान्यातच करावी लागते, आणि खाली थोडीफार संवेदना उरली असेल तर भूल देऊन. कधी वीर्य पुढे न येता मागे मूत्राशयात जातं. ‘काहीच आलं नाही’ असं सांगून घरी पाठवलेल्या माणसाच्या लघवीत शुक्राणू सापडू शकतात. हे तपासायचं असतं.

मग प्रयोगशाळेचा अहवाल येतो आणि दुसरा धक्का बसतो. शुक्राणूंची संख्या बरेचदा ठीक असते, कधी भरपूर असते. पण ते हलत नाहीत. बहुतेक मेलेले असतात. वीर्याचा रंगही काहींमध्ये तपकिरी दिसतो. सतत व्हीलचेअरवर बसल्याने अंडकोष तापतात म्हणून, फार दिवस वीर्य साचून राहतं म्हणून, अशी कारणं वर्षानुवर्षं दिली गेली, आणि माणसं बसल्याजागी स्वतःला दोष देत राहिली. मुख्य कारण ते नाही. संशोधकांनी वीर्यवाहिनीतून, म्हणजे बाकीचे स्राव मिसळायच्या आधीच, शुक्राणू घेऊन पाहिले. तिथे ते स्खलन झालेल्या वीर्यातल्या शुक्राणूंपेक्षा कितीतरी जास्त जिवंत आणि हलते होते. म्हणजे शुक्राणू मुळात तितके वाईट नसतात, ज्या द्रवात ते मिसळतात तो द्रव त्यांना मारतो. दुखापतीनंतर त्या द्रवात पांढऱ्या पेशी आणि दाह वाढवणारी प्रथिनं वाढलेली असतात. माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थाला हे समजावलं तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “म्हणजे माझ्या बसण्यामुळे नाही ना?” आठ-दहा वर्षं हे ओझं तो वागवत होता.

याच अज्ञानातून दुसरी धावपळ होते. अपघात झाला की कोणीतरी सांगतं, लगेच वीर्य गोठवून ठेवा, नाहीतर दरवर्षी बिघडत जाईल. प्रत्यक्षात हा बदल दुखापतीनंतर पहिल्या काही आठवड्यांतच होतो आणि नंतर बहुतेक तसाच राहतो. अतिदक्षता विभागात असलेल्या, रक्तदाब सावरू न शकणाऱ्या माणसाला त्यासाठी ताण देण्यात अर्थ नाही. एक-दोन वर्षांनी, दोघं सावरल्यावर, शांतपणे गेलं तरी चालतं. बायकोचं वय मात्र लक्षात ठेवायला हवं. वेळ बहुधा तिथे आटत असतो.

हलते शुक्राणू पुरेसे असतील आणि पत्नीच्या तपासण्या नीट असतील तर काही जोडप्यांना घरीच, व्हायब्रेटरने मिळालेलं वीर्य सुईशिवायच्या सिरिंजने योनीत सोडून गर्भ राहतो. दवाखान्यात आधी एकदा सगळं तपासून, शिकून घेतलेलं असलं की झालं. ते नाही जमलं तर गर्भाशयात वीर्य सोडणं, मग आयव्हीएफ, म्हणजे शरीराबाहेर गर्भधारणा, मग इक्सी, म्हणजे एकच शुक्राणू सुईने अंड्यात सोडणं. इक्सीने पहिली बाळं १९९२ च्या सुमाराला झाली आणि तेव्हापासून एका अंड्याला एकच जिवंत शुक्राणू पुरतो. ही फार मोठी गोष्ट आहे. पण तिच्यामुळे एक वाईट सवयही लागली आहे असं माझं स्पष्ट मत आहे. मज्जारज्जूचा रुग्ण दिसला की काही ठिकाणी व्हायब्रेटरचं नावही न घेता थेट अंडकोषातून सुईने किंवा शस्त्रक्रियेने शुक्राणू काढतात आणि इक्सीला बसवतात. त्यात थोडेच शुक्राणू मिळतात, मग इक्सीशिवाय दुसरा रस्ताच उरत नाही, आणि सगळी इंजेक्शनं, सगळ्या सोनोग्राफ्या बायकोच्या अंगावर येतात. सोपा उपाय आधी करून बघायचा, हा साधा न्याय इथेही पाळला गेला पाहिजे. जोडप्याने तो आग्रहाने मागावा.

आता ज्या गोष्टीने जीव जाऊ शकतो ती. दुखापत डी-६ किंवा त्याच्या वर असेल तर ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया हे नाव पाठ हवं. खालच्या भागात कसलीही तीव्र उत्तेजना झाली, तुंबलेलं मूत्राशय, व्हायब्रेटर, स्खलन, बाळंतपणाच्या कळा, की रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि मेंदूचा ‘थांबा’ हा निरोप खाली पोहोचत नाही. रक्तदाब उसळतो. आमच्यासारख्यांचा वरचा रक्तदाब मुळातच ९० ते ११० च्या घरात असतो, त्यामुळे आमच्यासाठी १४० हा आकडाही धोक्याचा. दवाखान्यात मात्र तो बघून ‘नॉर्मलच आहे’ म्हणतात. डोकं घणाचे घाव पडल्यासारखं ठणकतं, चेहरा लाल होतो, मानेपर्यंत घाम फुटतो, नाक चोंदतं, नाडी मंदावते. मी ते अनुभवलं आहे, आणि पहिल्यांदा तो कसला त्रास आहे हेच कळलं नव्हतं. ताबडतोब थांबायचं, उठून बसायचं, पाय खाली सोडायचे, घट्ट कपडे सैल करायचे, मूत्राशय रिकामं आहे का बघायचं. रक्तदाब उतरला नाही तर इस्पितळ. व्हायब्रेटरचा पहिला प्रयोग म्हणूनच रक्तदाब मोजत दवाखान्यात व्हायला हवा. आणि एक धोका फार थोडे लोक सांगतात: डिसरिफ्लेक्सियावर दिलं जाणारं एक औषध नायट्रेट असतं. सिल्डेनाफिल घेतलेलं असताना पुढच्या २४ तासांत नायट्रेट दिलं तर रक्तदाब कोसळतो. त्याच जातीच्या टाडालाफिलच्या बाबतीत ४८ तास. म्हणून संकोच बाजूला ठेवून इमर्जन्सीतल्या डॉक्टरला गोळीबद्दल सांगायचंच. जोडीदारालाही ते माहीत हवं, कारण त्या क्षणी आपल्याला बोलता येईल याची खात्री नसते.

बायकांबद्दल लिहायला घेतलं की मला थोडा राग येतो. मज्जारज्जूच्या दुखापती पुरुषांना जास्त होतात म्हणून संशोधनही पुरुषांवर जास्त झालं, हे समजू शकतं. पण मी जेव्हा धीर करून एका डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते हसून म्हणाले, तुमचं काही बिघडलेलं नाही, मूल होईल. त्यांनी धीरच दिला होता. खरंही होतं ते. दुखापतीनंतर बऱ्याच जणींची पाळी काही महिने थांबते, मग परत येते आणि गर्भ राहण्याची क्षमता पूर्वीसारखीच असते. म्हणून तर मूल नको असेल तेव्हा गर्भनिरोधन हवंच. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो, आणि न चालणाऱ्या पायांत तो आधीच असतो, हे ध्यानात ठेवून निवड करायची. कॉपर-टी बसवतानाही वरच्या दुखापतीत डिसरिफ्लेक्सिया होऊ शकतो. पण मी मुलाबद्दल विचारलंच नव्हतं. मी माझ्याबद्दल विचारलं होतं.

माझ्याबद्दलचं उत्तर मला बऱ्याच उशिरा, वाचून मिळालं. सिप्स्की, अलेक्झांडर आणि रोझेन यांच्या २००१ मधल्या अभ्यासात मज्जारज्जूची दुखापत असलेल्या जवळपास निम्म्या स्त्रियांना प्रयोगशाळेत सुखाचा कळस गाठता आला. अगदी खालचं, एस-२ ते एस-५ चं वर्तुळ पूर्ण तुटलेल्यांमध्ये हे प्रमाण १७ टक्के, बाकीच्यांमध्ये ५९ टक्के. वेळ जास्त लागला, इतकंच. त्याआधीपासून बॅरी कोमिसारुक आणि बेव्हर्ली व्हिपल हे संशोधक एका वेगळ्याच गोष्टीच्या मागे होते: कम्प्लीट दुखापत असलेल्या काही स्त्रिया सांगत होत्या की आतला स्पर्श आम्हाला कळतो. ‘कसा कळेल? तुमचा भास आहे’ असं त्यांना सांगितलं जात होतं. २००४ मध्ये मेंदूच्या स्कॅनमधून दिसलं की गर्भाशयमुखाच्या स्पर्शाने मेंदूत खरोखर हालचाल होते, आणि ती बहुधा व्हेगस नावाच्या नसेमार्फत. ही नस मज्जारज्जूतून जातच नाही. मानेतून, छातीतून, पोटातून स्वतंत्रपणे उतरते. हे वाचल्या दिवशी मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. मलाही कधी कधी काहीतरी जाणवायचं, त्याला नाव नव्हतं आणि मी ते कोणापाशी बोलले नव्हते, कारण कागदावर ‘कम्प्लीट’ लिहिलेलं होतं.

शिवाय जिथे संवेदना संपते ती सीमारेषा बहुतेकांमध्ये विलक्षण हळवी होते. काहींना तिथे नुसतं बोट लागलं तरी दुखतं, काहींना तोच स्पर्श सर्वांत सुखाचा. मान, कानाची पाळी, ओठ, हाताचा तळवा यांचं महत्त्व वाढतं. याला कोणी तडजोड म्हणतं तेव्हा मला पटत नाही. पूर्वीची मी ही गोष्ट शोधायच्या फंदातच पडले नसते, आणि आज मला विचाराल तर मी तिला दुय्यम म्हणणार नाही.

गरोदरपण मात्र जोखमीचं होतं, आणि ते तसं असतंच. लघवीचा जंतुसंसर्ग पुन्हा पुन्हा होतो. वजन वाढतं, व्हीलचेअरवरून खाटेवर जाणं जड होत जातं, बेडसोरचा धोका वाढतो. स्नायूंना आपोआप बसणाऱ्या झटक्यांवरच्या, मूत्राशयाच्या आणि नसांच्या दुखण्यावरच्या औषधांचा फेरविचार गर्भ राहायच्या आधीच करायला हवा. आणि गर्भाशयाची जाणीव डी-१० ते एल-१ मधून येत असल्याने त्याच्या वर दुखापत असलेल्या बाईला कळा आलेल्या कळतच नाहीत, अशी शक्यता असते. मला पोटावर हात ठेवून गर्भाशय घट्ट होतंय का हे ओळखायला शिकवलं एका अनुभवी नर्सने. शेवटच्या महिन्यांत तो माझा रोजचा नेम झाला. झटके वाढणं, अंगावर काटा येणं, अचानक घाम, श्वास भरून येणं, याही आमच्यासाठी कळांच्याच खुणा.

कळांच्या वेळी रक्तदाब वाढला की तो गरोदरपणातला रक्तदाबाचा विकार समजून उपचार सुरू होण्याचा धोका असतो. डिसरिफ्लेक्सियात दाब कळेबरोबर चढतो आणि कळ ओसरली की उतरतो. हा फरक बघावा लागतो. त्यावर उत्तम उपाय एपिड्युरल, म्हणजे पाठीतून दिली जाणारी भूल. ‘हिला दुखतच नाही तर एपिड्युरल कशाला?’ असा प्रश्न मी स्वतःच्या कानांनी ऐकला आहे. ते दुखण्यासाठी नसतं, खालून वर निघालेल्या त्या उत्तेजना अडवण्यासाठी असतं. मज्जारज्जूची दुखापत आहे एवढ्याच कारणाने सिझेरियन करावं लागत नाही, पुष्कळ जणींचं बाळंतपण नैसर्गिकरीत्या होतं, कारण गर्भाशय आपलं काम मेंदूला विचारून करत नाही. पण भूलतज्ज्ञ, प्रसूतितज्ज्ञ आणि रिहॅबचे डॉक्टर यांनी एकत्र बसून आधी ठरवलेलं असावं. आमच्या वेळी त्यांना एका खोलीत आणायला नवऱ्याने जेवढी फोनाफोनी केली तेवढी लग्नाच्या वेळीही केली नसेल.

दूध पाजण्याबद्दल मला कोणीच काही सांगितलं नव्हतं. बाळ चोखतं तो निरोप डी-४ ते डी-६ मधून वर जातो आणि मग दूध सुटतं. माझी दुखापत नेमकी त्याच जागी. सुरुवातीला दूध येई, मग कमी होई. डोळे मिटून, बाळाचा वास घेत, तिच्याकडे पूर्ण लक्ष लावून बसलं की येई, कारण मेंदूतून निघणारी ती आज्ञा स्पर्शावाचूनही निघू शकते. काही दिवस मी पाजलं, मग वरचं दूध सुरू केलं. दूध न सुटण्यामागे मज्जारज्जू आहे, आई म्हणून आपली कमी नव्हे, हे आधी सांगितलं असतं तर ते दिवस थोडे हलके गेले असते.

दोघांमधल्या गोष्टींविषयी सल्ला देणं मला आवडत नाही, पण एक अडचण इतकी सार्वत्रिक आहे की टाळता येत नाही. जो हात सकाळी कॅथेटर घालतो, शौच काढतो, जखम धुतो, त्याच हाताने रात्री प्रेमाने जवळ घ्यायचं, हे फार थोड्यांना जमतं. यात प्रेम कमी असल्याचा प्रश्न नाही. शक्य असेल तर ही कामं स्वतः शिकावीत, नाहीतर मदतनीस ठेवावा, तेही नसेल तर निदान दोन्हींमध्ये वेळेचं अंतर ठेवावं. आम्ही असं अंतर ठेवलं आणि त्याने खूप फरक पडला. बाकीचं तसं साधं आहे. आधी मूत्राशय रिकामं करायचं, शौचाची वेळ सांभाळायची. कायमची नळी असेल तर बाई ती मांडीला किंवा पोटावर चिकटवून बाजूला ठेवू शकते, पुरुष ती मागे वळवून त्यावर निरोध घालू शकतो. खाली टॉवेल अंथरायचा आणि कधी लघवी झालीच तर तिला लघवी म्हणायचं, आपत्ती नाही. झटके आले तर थांबायचं. काही पुरुषांमध्ये स्खलनानंतर उलट काही तास झटके कमी होतात. झाल्यावर त्वचा बघायची, कुठे लाल झालं आहे का.

हे सगळं विचारण्याची जबाबदारी रुग्णावर टाकणं मला मान्य नाही. जॅक अॅनन या मानसशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये डॉक्टरांसाठी एक क्रम सुचवला होता, त्याची पहिली पायरी आहे परवानगी: या विषयावर इथे बोललं तर चालतं, हे आधी डॉक्टरांनीच दाखवून द्यायचं. त्याला कसलंही खास शिक्षण लागत नाही. ‘जवळीक, मूल याबद्दल बहुतेकांच्या मनात प्रश्न असतात, तुम्हाला वाटेल तेव्हा विचारा’ एवढं एक वाक्य, मूत्राशयाबद्दल बोलतानाच. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २००६ चा संयुक्त राष्ट्रांचा करारही तेच सांगतो. त्याच्या २३ व्या कलमात लग्नाचा आणि कुटुंबाचा हक्क आहे, २५ व्या कलमात लैंगिक आणि प्रजनन आरोग्याच्या सेवांचा.

सगळ्यात कमी माहिती मिळते ती लग्न न झालेल्यांना. त्यांचं वय असतं, इच्छा असते, फक्त विचारायला कारण नसतं. पंचविशीतल्या एका मुलीने, कमरेच्या जरा वरची दुखापत, मला विचारलं, “ताई, मला काही कळणारच नाही का कधी?” मी म्हटलं, ते मी सांगू शकत नाही, तुझ्या डॉक्टरांच्या कागदावरूनही पूर्ण कळणार नाही. कागदावर कातडीचा स्पर्श मोजलेला असतो. तुझं तुलाच, हळूहळू, स्वतःच्या हाताने शोधावं लागेल. कुठे कळतं, कुठे नाही, कुठे वेगळंच काही वाटतं. ती म्हणाली, खोलीला कडी आहे पण ती वर आहे, हात पोहोचत नाही, आणि आई केव्हाही आत येते. मग आम्ही पाळी, गर्भनिरोधन, जंतुसंसर्ग अशा बाकीच्या गोष्टी बोललो. निघताना तिला विचारून मी तिच्या आईशी बोलले. विषय एकच होता: दाराची कडी व्हीलचेअरवरून हाताला येईल इतकी खाली लावून घ्या, आणि आत जायच्या आधी दार वाजवा.